भविष्याची भुकटी

आदरणीय आर्मासमामा,

भाचा ताइस्तोचा नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? इकडे उणे तीस आहे आणि पुढच्या शनिवारी माझं लग्न आहे, निदान सोमवारपर्यंत तरी होतं.

तीन वर्षांपूर्वी नववर्षाला, रिवाजाप्रमाणे भविष्य पाहायला, लेम्पीने वितळलेलं कथील बादलीतल्या पाण्यात ओतलं, तेव्हा थिजलेल्या तुकड्याची सावली मेणबत्तीपुढे जहाजासारखी पडली. माझ्या कथलाची पडली बटाट्यासारखी. जहाजावर बटाटे लागतातच, असा अर्थ लावून तिच्या हिल्माआजींनी सोयरीक पक्की केली आणि दोन्ही तुकडे एकाच डब्यात घालून कोठारात ठेवले. (पूर्वी कथलात शिसं असायचं. आता ते विषारी म्हणून बंद, सगळं शुद्ध. शुद्धाला थंडी बाधते.) सोमवारी डबा उघडला, तर आत राखाडी भुकटी!

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी समजावलं, की कथलाची दोन रूपं: एक पांढरं, चकचकीत; दुसरं कडक थंडीत होणारं, राखाडी, भुसभुशीत. भुकटीचा कण लागला की चांगलं कथीलही बिघडतं. हे शेवटचं त्यांनी आजींसमोर बोलायला नको होतं.

"म्हणजे आधी ह्याच्या बटाट्याला लागण झाली!" आजी कडाडल्या. "ज्याच्या भविष्यालाच खरूज, त्याला मी नात देऊ होय?"

तेव्हापासून मला कॉफी खिडकीतून मिळते. मामा, मी रडलो. लेम्पीशिवाय मला करमायचं नाही.

आजींचा सगळ्यावर इलाज एकच, सौना. तीन दिवस डबा मांडीवर घेऊन मी त्या तापलेल्या खोलीत, वाफेत, वरच्या फळीवर बसलो. रीतीप्रमाणे बर्चच्या डहाळीने आधी स्वतःला झोडपलं, मग डब्याला. रंग पांढरा झाला, पण भुकटी ती भुकटीच. (बाई म्हणतात, उबेने रूप पालटतं, मोडलेलं सांधत नाही.) आज सकाळी मात्र आजींनी डबा उघडला, तर आत अखंड तुकडा! सावली पाहिली: लांब नाकाचा माणूस, हुबेहूब तुम्ही. हे नाक चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसलं तरच लग्न, असं आजींनी फर्मावलं आहे.

तुमचा,
ताइस्तो

ता. क. पुढच्या शुक्रवारच्या बसने या. आजी तुम्हाला मेणबत्तीपुढे बसवून सावली ताडून पाहणार आहेत.

आणखी एक ता. क. लेम्पीने आत्ता कबूल केलं, की भुकटी तिनेच चुलीवर पळीत वितळवली आणि नाक पकडीने ओढलं. माप तुमच्या लष्करातल्या फोटोवरून घेतलं. त्यात तुम्हाला मिशी नाही. तीस वर्षांची आहे, ठाऊक आहे मला. पण मामा, येताना काढून या.