पहिला पिक, सलग पाचव्यांदा

५ सप्टेंबर, शुक्रवार
लीगच्या ग्रुपवर आज अधिकृत घोषणा झाली. यंदाच्या ड्राफ्टमध्ये पहिला पिक आपला, म्हणजे सालमिया शिलेदारांचा. सलग पाचव्यांदा! कुवेतच्या आमच्या मराठी फुटबॉल लीगमध्ये सहा टीम आहेत. बाकीच्या पाचांना हा मान आजवर एकदाही मिळालेला नाही.
नियम असा आहे की गेल्या सीझनला जी टीम तळाला, तिने नव्या खेळाडूंतून सर्वांत आधी माणूस उचलायचा. पण तो तपशील झाला.
ड्राफ्ट डायरेक्टर मीच, पहिल्या वर्षापासून. श्वेताला बातमी सांगितली. ती छान म्हणाली आणि वॉशिंग मशीन लावलं. ज्ञानदा फोनमधून डोकं न काढता 'काँग्रॅट्स बाबा' म्हणाली. पंधराव्या वर्षी मुलांना भावना दाखवता येत नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार
विजयकुमारचा मेसेज. हा आमचा कॅप्टन. सोलापूरचा, तरुण आहे, खेळतो बरा. माझ्याबद्दल मात्र त्याचे गैरसमज फार. म्हणतो, यंदा माणूस निवडण्याआधी गेल्या चार पहिल्या पिकांचं मूल्यमापन करू. मग ठरवू, डायरेक्टर हवा की खेळाडूंनी आपापसांतच निवडावं.
मी ताबडतोब कळवलं, अवश्य. मूल्यमापन मीच करतो. आयुष्यभर क्वालिटीत काम केलंय. रिफायनरीच्या पाइपांचे वेल्ड तपासतो. माझ्या डोळ्यांखालून वेल्ड गेला आणि दोष सापडला नाही असं फार कमी वेळा झालंय.
इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. हे पद जाता कामा नये. कंपनीत माझ्यासारखे चाळीस इंजिनिअर आहेत. मीटिंगला मला बोलावतात ते प्रोजेक्टर चालू होत नसला की. घरात एसीचा रिमोटसुद्धा माझ्याकडे नसतो. वर्षातून एक संध्याकाळ अशी येते की हॉलभर माणसं गप्प बसतात आणि जयदीप कुणाचं नाव घेतो ते कान देऊन ऐकतात. ती संध्याकाळ मला हवी आहे.

८ सप्टेंबर, सोमवार
मूल्यमापनाची पद्धत ठरवली. निकष: गोल, शिस्त, बुटांची निगा. संकल्प: पूर्ण निःपक्षपाती राहायचं. वेळ वाचावा म्हणून निष्कर्ष आधीच टाइप करून ठेवला: 'डायरेक्टरांची निवड दूरदृष्टीची.'
दुसरा संकल्प: उद्यापासून पहाटे समुद्रावर चालायला जायचं. डायरेक्टर फिट दिसला पाहिजे.

९ सप्टेंबर, मंगळवार
चालायला गेलो नाही. बाहेर दमट हवा आहे असं खिडकीतूनच दिसत होतं.
पिक पहिला, २०१९. प्रीतम, नाशिकचा, डिफेंडर. बघताक्षणी मी म्हटलं होतं, हा भिंत आहे. आणि होताच. पण तिसऱ्या मॅचला आपल्यावर चार गोल झालेले असताना हा हसत होता. विचारलं तर म्हणाला, दादा, गंमत वाटली. पाचव्या मॅचनंतर रिलीज दिला.
माझी पद्धत साधी आहे. इथल्या कुठल्याही कंपनीत नवा माणूस आला की आधी प्रोबेशन. मीही पाच मॅचचं प्रोबेशन ठेवतो. दोष आढळला की रिलीज, मग त्याला कुठलीही टीम घेऊ शकते. खराब वेल्ड कापून काढतात. त्याच्याशी गप्पा मारत बसत नाहीत.

१० सप्टेंबर, बुधवार
मधली दोन वर्षं करोनाने खाल्ली. ती माझ्या खात्यात धरू नयेत अशी तळटीप टाकली. त्या दोन वर्षांत आपण एकही मॅच हरलो नाही, हेही नमूद केलं.
पिक दुसरा, २०२२. ओंकार, फॉरवर्ड. पाच मॅचमध्ये सहा गोल. सगळे डाव्या पायाने. उजवा पाय नुसता उभं राहायला. उपलब्ध सामग्रीचा निम्मा अपव्यय. तीन वेळा लेखी समज दिली, सुधारणा नाही. रिलीज.

११ सप्टेंबर, गुरुवार
पिक तिसरा, २०२३. विठ्ठल, गोलकीपर. राजापूरकडचा, एसी दुरुस्त करतो. बॉल कुठे येणार हे त्याला आधीच कळायचं. पण समोरच्या टीमचे फॉरवर्ड जवळ आले की त्यांची गावाकडची विचारपूस करायचा. प्रतिस्पर्ध्याशी सलगी. रिलीज.
पिक चौथा, २०२४. तुळशीदास, शुवैखच्या एका गॅरेजमध्ये डेंटिंगचं काम करतो. मिडफिल्डला असा मुलगा मी पाहिलेला नाही. मी टचलाइनवरून सूचना देत होतो. मोठ्याने द्याव्या लागतात, मैदान मोठं आहे. तर हा खेळ थांबवून माझ्याकडे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादानू, तुमी वायच गप रवा, माका बॉल दिसना नाय."
गप्प बसण्याचा आणि दिसण्याचा संबंध काय? तर्कदोष. रिलीज, तोही तिसऱ्याच मॅचला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज पुरावे गोळा करायला रिग्गईच्या टर्फवर गेलो. रिग्गई रायडर्सची प्रॅक्टिस होती. तीन वर्षं लीग हेच जिंकतात. प्रीतम त्यांचा कॅप्टन. विठ्ठल गोलमध्ये, ओंकार पुढे, तुळशीदास मध्ये. हा अख्खा कणाच माझा.
ट्यूब पेटली. चॅम्पियन टीममध्ये चार माणसं माझ्या निवडीची. म्हणजे माझे पिक शंभर टक्के यशस्वी. निष्कर्ष आधी लिहिला होता तो बरोबरच निघाला.
प्रीतमने मला पाहून खेळ थांबवला, पाणी दिलं, खुर्ची दिली. यंदा कुणावर नजर आहे, अगदी अदबीने विचारलं. मी म्हटलं, चिपळूणचा एक मुलगा आहे, मिडफिल्ड. त्याने ते फोनमध्ये टिपून घेतलं. शिकण्याची वृत्ती असावी तर अशी. ओंकारचा उजवा पाय अजून तसाच.

१४ सप्टेंबर, रविवार
श्वेताला स्लाइड दाखवल्या. तिने विचारलं, सगळे इतके चांगले होते तर आपण शेवटून पहिले कसे येतो? म्हटलं, फुटबॉल हा टीमचा खेळ आहे, एकट्या डायरेक्टरला दोष देऊन चालत नाही. ती म्हणाली, बरं. तिला पटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
मीटिंग विजयकुमारच्या फ्लॅटवर झाली. शिलेदारांची सगळी टीम हजर. माझं प्रेझेंटेशन झकास झालं. शेवटच्या स्लाइडवर चारही जणांचे ट्रॉफीसह फोटो. रायडर्सच्या जर्सीत होते, मी त्यांना आपला केशरी रंग दिला.
टाळ्यांसाठी थांबलो. टाळ्या नाहीत. विजयकुमार उठला आणि आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "जयदीपदादा, तुमचे चारही पिक एक नंबर होते. ते आम्हाला ठाऊकच आहे. आम्ही विचारतोय, त्यांना सोडलं कुणी?"
मी प्रोबेशनची संकल्पना समजावली. वेल्डचं उदाहरण दिलं. कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला.
मग म्हणाले, आजपासून डायरेक्टर नको. मी शांतपणे लीगची घटना काढली. घटना मीच लिहिलेली आहे. डायरेक्टरला काढायचं तर सहाही कॅप्टनांचं मतदान घ्यावं लागतं. आता बघू म्हणावं.

२१ सप्टेंबर, रविवार
झोप नाही. सहापैकी एक मत तर गेलंच. उरलेले पाच. सगळ्यांना फोन करायचं ठरवलं होतं, पण डायरेक्टरने मतांची भीक मागणं बरं दिसत नाही. फक्त चौघांना केला.
कुणीही वाकडं बोललं नाही. उलट एक जण म्हणाला, दादा, तुमच्याशिवाय लीगला मजा नाही. डोळ्यांत पाणी आलं. कंपनीत हे वाक्य मला कुणी म्हटलेलं नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
पाच विरुद्ध एक!
ठराव फेटाळला. मी कायम. माझ्या बाजूने भाषण कुणी केलं, तर खुद्द प्रीतमने. म्हणाला, जयदीपदादांसारखी नजर कुवेतमध्ये दुसरी नाही, त्यांना हात लावाल तर लीगचं नुकसान होईल. बाकीचे चार कॅप्टन मान हलवत होते. रिलीज दिलेला मुलगा, पण मनात किंतु नाही. मी लगेच जाऊन दोन किलो बकलावा आणला आणि हॉलच्या गेटवरच सगळ्यांना वाटला. विजयकुमारने घेतला नाही. पित्त आहे म्हणाला.
घरी आलो. जेवताना सगळं सविस्तर सांगितलं. श्वेताने विचारलं, ते एक मत कुणाचं? म्हटलं, आपल्याच टीमचं, घरचं दुखणं.
तिने पोळी वाढली. मग म्हणाली, "म्हणजे तू राहावंस असं ज्यांना वाटतं, त्या सगळ्यांशी तुमची मॅच असते."
ज्ञानदाने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. मी लोणचं मागितलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
श्वेताला फुटबॉल कळत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार
ज्ञानदाला सहज विचारलं. ती म्हणाली, 'बाबा, इट्स काइंड ऑफ ऑब्व्हियस.' पुढे विचारलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
एक युक्ती सुचली. राजीनामा द्यायचा. खरा नाही, किंमत कळावी म्हणून. असले निर्णय घेतले की माणसं धावत येतात, पाया पडतात, मग आपण मोठ्या मनाने परत यायचं. तारीखही ठरवली, मंगळवारी परत यायचं.
मजकूर तयार केला. 'नव्या पिढीवर विश्वास ठेवून मी जड अंतःकरणाने पदमुक्त होत आहे.' 'जड' दोनदा आलं होतं, एक काढलं. दोन्ही ग्रुपवर टाकलं, शिलेदारांच्या आणि लीगच्या.
शिलेदारांकडून अंगठा आला. मग दुसरा. मी चहा करून येईपर्यंत सगळ्यांचे अंगठे आले होते. विजयकुमारने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, थँक्यू दादा, मनापासून.
ते मनापासूनच होतं, तेच वाईट.

२९ सप्टेंबर, सोमवार
फोन थांबेना. पाचही कॅप्टन. फेरविचार करा, तुमच्याशिवाय कसं होणार, एक तर रडकुंडीला आला. शिलेदारांपैकी एकाचाही नाही.
संध्याकाळी प्रीतम घरी आला. ताज्या खजुराचा मोठा डबा घेऊन. श्वेताने चहा केला. मी त्याला समोर बसवून विचारलं, खरं काय ते सांग, मी तुम्हाला का हवा आहे?
त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दादा, माणूस ओळखण्यात तुमचा हात कुणी धरू शकत नाही. फक्त तीन-चार मॅच झाल्या की तुम्हाला तो बघवत नाही. मग तो आम्हाला मिळतो."
खजुराचा डबा माझ्याकडे सरकवत तो खालच्या आवाजात म्हणाला, त्या दिवशी मी हसलो होतो ना, ते घाबरून. पहिलाच सीझन होता, आणि तुम्ही बाहेरून इतकं ओरडत होता.
त्याला लिफ्टपर्यंत सोडलं. जाता जाता त्याने विचारलं, चिपळूणचा तो मुलगा खरंच चांगला आहे का? मी म्हटलं, फार.

३० सप्टेंबर, मंगळवार
आज परत यायचं होतं. मोठ्या मनाचा मेसेज लिहून तयार होता. पाठवला नाही. मुलाचं नाव तेवढं विजयकुमारला कळवलं. म्हटलं, डोळे मिटून घ्या. आणि सोडू नका.
त्याने ओके पाठवलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
ड्राफ्टची संध्याकाळ. गेलो नाही. ग्रुपवर कळलं, शिलेदारांनी त्यालाच उचललं. हॉलमध्ये खूप टाळ्या पडल्या म्हणे. कुणीतरी त्याचा प्रॅक्टिसचा व्हिडिओ टाकला. चार वेळा पाहिला. पोरगं अप्रतिम आहे. फक्त धावताना डावा खांदा जरा पडतो. हे सांगायला फोन उचलला आणि कुणाला सांगायचं ते सुचेना.
श्वेताला विचारलं, शुक्रवारी संध्याकाळी माणसं काय करतात? ती म्हणाली, भाजी आणतात.
खाली जाऊन भेंडी, कोथिंबीर घेतली. मजीदच्या दुकानाबाहेर कलिंगडं रचलेली होती. पाच-सहा वाजवून बघून एक निवडलं. जिन्यात त्याच्या सालीवर पिवळा डाग दिसला. परत करायला दोन पायऱ्या उतरलोही होतो, मग तसंच वर आणलं.
जेवणानंतर श्वेताने कापलं. लालभडक, गोड. दोघींनी पुन्हा पुन्हा घेतलं. मी थांबलो होतो, पण निवडलं कुणी हे कुणीच विचारलं नाही.