उलट्या अक्षराचा शिक्का

आई,

तुझ्या आवितुसचा नमस्कार. मी बरा आहे. रोममध्ये पोटभर मिळतं. तुझा गुडघा कसा आहे?

तेलाचे रिकामे रांजण फोडून तुकडे टेकडीवर रचायचे, वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचा, हे माझं काम. चुन्याने डोळे लाल होतात, बाकी काही नाही.

काल एका रांजणाच्या कानावर बाबांचा शिक्का दिसला. तेच उलटं अक्षर, कोरताना चुकलेलं! फुस्कुसदादा तर म्हणाला होता, "आपली रांजणांची भट्टी विझली, शिक्का बाबांच्या चितेत टाकला, तू रोम गाठ." आणि रांजणावर रंगवलेलं वर्ष यंदाचं आहे. मुकादम हसला, "तुझ्याच गावची माती ना? मग उचल की प्रेमानं!"

दादाला शिव्या घालणारं पत्र लिहिणार होतो. पण आधी तो तुकडा धुतला. शिक्क्याशेजारी अंगठा उमटलाय, मधोमध तिरका वण असलेला. तुझ्या अंगठ्याला सुरी लागली तेव्हा चिंधी मीच बांधली होती.

अंगठ्याला जप.

तुझा,
आवितुस