पिठातली बेगमची पावलं

ती. मामा,

सासऱ्याला पत्र लिहिणारी सून तुमी कधी ऐकली होती का? पण आज घरात जे झालं ते सांगायला मला दुसरं कुणी न्हाई.

तुमी गेल्यापासून मी नुसती कामं करायले. भाकरी थापायले, पाव्हण्यांना पाणी द्यायले. रडू येईना. बायका माझ्या तोंडाकडं बघतेत. बघू द्या!

मागं एकदा डोळे तपासायला परभणीला गेलात आन् तिथल्या जनावरांच्या निवाऱ्यातून फाटक्या कानाची मांजर घेऊन आलात. "सूनबाई, हिला कुणी नेईना गं." मी किती बडबडले! अख्ख्या वालूरात हसू झालं. तुमी तिचं नाव ठेवलं बेगम. सासूबाई गेल्यावर जेवताना मुक्यानं घास गिळायचात. मग मात्र घासाघासाला तिच्याशी गप्पा. आमच्याशी का न्हाई बोललात तसं?

तेरावं झालं की तिला परत सोडायचं, तुमच्या लेकानं ठरवून टाकलं. पिशवीबी आणून ठेवली. मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

काल तुमच्या खाटेच्या जागी दिवा लावला, भोवती पीठ पसरलं, वर टोपलं पालथं घातलं. पिठात ज्याचा पाय उमटेल त्या जन्माला माणूस गेला म्हणतेत ना!

सकाळी झाडायला गेले तर टोपलं कलंडलेलं आन् बेगम पिठात ऐसपैस बसलेली. तिची रोजचीच जागा ती! तिला उचलली. पीठ हातानं सारखं करता आलं असतं. केलं न्हाई. का, ते मलाबी सांगता येईना.

तुमच्या बहिणीनं पावलं बघितली आन् हंबरडाच फोडला. "दादा, मांजर झालास का रे!" बेगमपुढं पदर पसरला. तुमचा लेक हात जोडून उभा. "हिला आता कुठं न्यायचं न्हाई," म्हणाला.

दुपारी सगळे आडवे झाले. बेगम चुलीपाशी आली. मला तर सगळं माहीत होतं ना, मामा? तरी डोक्यावर पदर घेतला आन् विचारलं, "मामा, ताट करू का?"

ती वर बघत बसली. तवा कुठं रडले मी. लय रडले.

खरं काय ते कुणाला सांगणार न्हाई. मी हाय तोवर बेगम हितंच राहील. आन् तिच्यापुढं उघड्या डोक्यानं जाणार न्हाई, शब्द देते.

तुमची सूनबाई,
कावेरी