कोठीतलं पुस्तक

पवन,

गव्हाच्या कोठीत तुझ्या पुस्तकाच्या जागी ही चिठ्ठी ठेवते आहे. घाबरू नकोस, पुस्तक माझ्याकडे आहे. दळण काढताना हाती लागलं आणि दोन दुपारांत वाचून काढलं. एकमेकांना जीव लावणारे ते दोघे पोरगे मला आवडले. राग आला तो त्यातल्या आईचा. सगळं दिसत असून ती मुलाला काहीच विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. माझ्या भावाचा, अंगदचा, उमापूरच्या आश्रुबावर असाच जीव होता. अंगदच्या लग्नात करवली मीच. हळद लावताना तो रडत होता आणि मी म्हणाले, "डोळ्यात गेली वाटतं." आता त्याला दिसत नाही. तलवाड्याला त्याच्याकडे चालले आहे, पुस्तक वाचून दाखवीन.

रविवारी तुझ्यासाठी मुलगी बघायला मी येणार नाही, असं तुझ्या बापाला सांगितलंय.

"कावून?"

"मला पसंत न्हाई."

"अगं माय, अजून बघितली कुठं?"

माझ्याशिवाय तो जायचा नाही. मी बुधवारी येते. बापाशी तू एकटा बोलणार की मी शेजारी बसू, तेवढं ठरवून ठेव.

आजी