पंचाच्या बुटाची नाडी

दि. ४ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीने काल पंच म्हणून पहिला सामना घेतला आणि तो बहुधा शेवटचाच ठरेल. सात-आठ वर्षांच्या पोरांचा फुटबॉल. बाहेर गेलेला चेंडू दोन्ही पाय जमिनीला टेकवून, डोक्यावरून आत फेकायचा, हे तुला काय सांगायचं. पण या पोरांचा एक पाय आपसूक उठतो. मी शिट्टी फुंकून नियमाप्रमाणे चेंडू दुसऱ्या संघाला दिला. त्यांचाही पाय उठला. मग पुन्हा पहिल्यांना. अर्धा सामना रेषेवरच झाला. गोलरक्षक बसून गवत उपटत होता. एका आजोबांनी मला विचारलं, की पायाने कधी खेळणार.

रविवारी परीक्षक येणार आहेत. त्यांना पटलं नाही तर शिट्टी परत करायची. आत्या, मला लहानपणापासून तुझ्यासारखं पंचच व्हायचंय. नियम तोंडपाठ आहेत, मग चुकलं कुठे?

हसून झालं की उत्तर धाड.
तुझी भाची

दि. ७ जानेवारी

चि. फौजदारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

इतकी हसले, की तुझे आतोबा चहा टाकून धावत आले. त्यांनाही वाचून दाखवलं, तोवर चहा उतू गेला.

अगं, हाताने चेंडू भिरकावून कुणी फायदा उपटू नये म्हणून तो नियम. या पोरांनी पाय उचलून कसला फायदा उपटला? तोल गेला, एवढंच. कुणी कुणाला पाडलं तर फुंक, कान किटेपर्यंत. इथे मात्र आधी नीट करून दाखव, मग पुन्हा टाकू दे. तरी पाय उठलाच, तर नेमकी तेव्हाच पंचाच्या बुटाची नाडी सुटते. पंच वाकतो, त्याला काही दिसत नाही. माझी इतक्यांदा सुटायची, की आतोबा मला नवे बूट घ्यायला निघाले होते.

जेवून जा, उपाशी पंच चिडका असतो. जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी आत्या

दि. १२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तशी जेवून गेले. परीक्षक रेषेलगत खुर्ची टाकून बसलेले, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. एकाने दुसऱ्याला ढकललं तेव्हा अशी शिट्टी फुंकली, की पलीकडचं कुत्रं भुंकायला लागलं. मग चेंडू बाहेर गेला तो थेट परीक्षकांच्या पुढ्यात, आणि फेकायला आला सगळ्यात चिमुकला गडी. पाय उठला. मी दाखवलं. पुन्हा उठला. त्याचा ओठ थरथरायला लागला. तिसऱ्यांदा त्याने चेंडू डोक्यावर नेला आणि मी खाली वाकले. चेंडू जेमतेम दोन हात अंतरावर पडला, पण खेळ सुरू झाला आणि तो पोरगा असा पळाला, की मीच टाळी वाजवणार होते.

सामन्यानंतर परीक्षकांनी बोलावलं. म्हणाले, "तुझ्या बुटांना नाड्या नाहीतच, चिकटपट्ट्या आहेत." आत्या, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही युक्ती शिकवली कुणी, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तर ते हसत सुटले, डोळे पुसत राहिले. त्यांचाही पाय लहानपणी असाच उठायचा म्हणे, आणि एका सामन्यात पंचबाईंची नाडी सारखी सुटत होती.

शिट्टी माझ्याकडेच राहिली. त्यांनी तुला नमस्कार सांगितलाय, आणि पाय अजूनही उठतो असं कळवायला सांगितलंय.

लोभ आहेच, आणखी मागते.
तुझी पंच भाची

ता. क. नाड्यांचे बूट आजच आणले.