कमरीपेठेतली हलती शाळा

हुबळी,
१८ सप्टेंबर १९९९

चि. प्रशांत यास वेणूआत्याचे आशीर्वाद (निम्मेच. उरलेले हातचे राखते, पुढचं वाचून तुला लागतील).

अण्णाच्या गुडघ्यांना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि अण्णाला नुसता साधा. कारण बालवाडीची इमारत "घरच्या मुलाला द्या, तो आर्किटेक्ट झालाय" हा हट्ट त्याचा. वहिनीचं पित्त आता कमी असेल. माझी तब्येत उत्तम आहे. तू बांधून दिलेल्या शाळेत वावरायचं म्हणजे ती तशी ठेवावीच लागते.

माझा जन्म कमरीपेठेतल्या त्या अंधाऱ्या गोदामात पोरं सांभाळण्यात गेला. त्या भिंतींना ओल होती, पोपडे होते, पण एक गुण होता: संध्याकाळी जिथं सोडून जावं, तिथंच त्या सकाळी सापडायच्या. तुला हे पसंत नव्हतं. लहान मुलांची शाळा मुलांसारखी बदलती हवी, म्हणून तू मागच्या अंगणात सगळी लाकडाची उभी केलीस. आतल्या भिंती बुटक्या, सरकणाऱ्या, घडी होणाऱ्या, बाहेरची दारं-खिडक्या कुठल्याही बाजूला बसणारी, आणि सगळा सांगाडा बोल्टांवर. वर पत्रात लिहिलंस, "आत्या, ही शाळा एका पान्यानं उलगडता येते आणि कुठंही पुन्हा उभी करता येते." मी मूर्खासारखी ते पत्र संस्थेच्या सभेत मोठ्यानं वाचून दाखवलं. हे वाक्य लक्षात ठेव, तुझ्या मानगुटीवर बसणार आहे.

पहिल्याच आठवड्यात पोरांना शोध लागला की ढकलली की भिंत जाते. मोठ्या गटानं ढकलली, तर छोट्या गटाची खोली सतरंजीएवढी उरली. छोट्या गटात आमच्या पेठेतल्या तांबटांची, शिंप्यांची पोरं. ती काय ऐकून घेणार? त्यांनी उलटी ढकलली. या युद्धात नव्या शिक्षिका दीपालीबाई गोष्ट सांगतासांगता दोन भिंतींच्या मध्ये अडकल्या, नुसतं डोकं वर. बिचारीनं गोष्ट तिथूनच पुरी केली. आता पोरं म्हणतात, बाई, रोज तिथूनच सांगा (त्या सांगतात. नोकरी नवी आहे).

पोरं परवडली, पण आमचे अध्यक्ष मुकुंदराव नकोत. कापडाचं दुकान, घसा मोठा, आणि वास्तुशास्त्र सांगणारे व्याही. एरवी माणसं वास्तुवाल्याला चहा पाजून वाटेला लावतात, कारण भिंत फोडायची कोणी? इथं पाना फिरवला की काम झालं. उद्घाटनाला दार पूर्वेला होतं. दुकानात विक्री घसरली तसं ते उत्तरेला गेलं. सुनेशी भांडण झालं तेव्हा पुन्हा पूर्वेला आलं. आमची शांता खाऊचं उप्पीट घेऊन येते ती पातेलं डोक्यावर धरून इमारतीला प्रदक्षिणा घालते आणि ओरडते, "अक्कार, बागला एल्लैत्री?" (तू पुण्यात वाढलास म्हणून सांगते: बाई, दार कुठंय, असं ती विचारते.) सध्या ग्रह फिरेपर्यंत म्हणून व्याह्यांनी ते दक्षिणेला काढायला लावलंय. त्यानंतर पावसानं लाकूड फुगलं, भिंती होत्या तिथं घट्ट बसल्या आणि मला जरा स्वस्थता मिळाली.

मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. गल्लीतल्या गणपत शिंप्याची सावनी, वय चार, जूनमध्ये रोज दाराशी (ते ज्या बाजूला असेल तिथं) उभी राहून रडायची. एक दिवस तिनं दोन भिंती ओढल्या, आपल्यापुरती खोली केली आणि आत जाऊन गप्प बसली. मी म्हटलं, बसू दे. रोज यायची, भिंती ओढायची, बसायची. हळूहळू त्यात फट राहू लागली, फटीतून एक डोळा दिसू लागला. मग एके दिवशी तिनं भिंत पार ढकलून दिली आणि सगळ्या छोट्या गटाला "बर्री, बर्री" करून आपल्या घरात बोलावलं. गोदामात ही पोरगी आठवडाभर टिकली नसती. मला रडू आलं. (अण्णाला सांगू नकोस, तो दिवाळीपर्यंत चिडवेल.)

तर एकूण तुझी इमारत ही अशी. शिक्षिका अडकते, दार सापडत नाही, पावसात फुगते. असली वस्तू वैऱ्याच्याही गळ्यात मारू नये. इतकं सांगून पुरे करते.

तुझी, अजून जागेवर असलेली,
वेणूआत्या

ता. क. वैऱ्याच्या म्हणजे विद्यानगरच्या. संस्थेनं तिकडं प्लॉट घेतलाय. मोटारीतून येणारी मुलं आणि भरभक्कम फी. तुझं ते वाक्य मुकुंदरावांना तोंडपाठ आहे. दिवाळीनंतर लाकूड आटलं की शाळा उलगडून तिकडं उभी करायची, आणि आमच्या पोरांना गोदाम आहेच, असा ठराव झाला. मी एकटी विरोधात होते. चार वर्षांच्या सावनीनं काय सिटी बसला लोंबकळत विद्यानगरला जायचं? मला फार राग आलाय, प्रशांत, आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

आणखी ता. क. शाळेचा पाना हरवलाय. मुकुंदरावांनी दुकानातली माणसं शोधाला लावली, शांताची पातेलीसुद्धा उपडी करून पाहिली. पोरांनी उघडू नयेत म्हणून तू बोल्टांची डोकी मुद्दाम वेगळी करून घेतलीस, त्यामुळं बाजारातला एकही पाना लागत नाही (देव तुझं भलं करो), आणि बोल्ट कापावेत तर लाकूड चिरतं. दार दक्षिणेला अडकल्यामुळं मुकुंदरावांची झोप उडालीय. तुझ्याकडचा जोडीचा पाना मागायला ते पत्र लिहिणार आहेत. तू कळव की तो कधीच हरवला आणि बनवणारा लोहार गाव सोडून गेला. खोटं बोलू नये हे तुला मीच शिकवलं, तेव्हा ही सूटही मीच देते.

शेवटचं. छोट्या गटाची खिडकी वीतभर खाली हवी. सावनीला टाच उंच करावी लागते. दिवाळीत येऊन तेवढं करून जा. येताना पाना आणू नकोस. माझ्या तांदळाच्या डब्यात आहे.