चेस्टनटची लाटे, सालासकट

गोंगजू,
२३ ऑक्टोबर

मी-ओक,

‘प्रिय’ लिहू की ‘चिरंजीव’ लिहू हे ठरवण्यात एक कागद वाया गेला, म्हणून नुसतंच नाव लिहिलंय. तुझी तब्येत बरी असेल. समुद्राची हवा तुला मानवतेच. इकडे थंडी पडायला लागली, कोबी महागलाय, हे आणि मी ठीक आहोत. झालं, विचारपूस संपली.

पत्राचं कारण म्हणजे तुझं ते शेगडीवरचं अष्टकोनी कॉफीचं भांडं. भाऊजींशी फारकत घेऊन गेलीस तेव्हा माझ्या ओट्याखालीच विसरलीस. गांगनुंगला तू आता कॉफीचं दुकान थाटलंस असं माझ्या लेकीने सांगितलं, पत्ताही तिनेच दिला. तर भांडं पाठवू का, एवढंच विचारायचं होतं. फोनच करणार होते. पण तुझा आवाज ऐकला की मी भांडते, आणि सध्या भांडायलाही अंगात त्राण नाही.

भांडं वापरात आहे, हे आधीच सांगून टाकते. रोज वापरते. मला त्याचा वीट आलाय.

सासूबाईंनी चुसोकच्या सणापासून अन्न टाकलं. विसरणं तर तू होतीस तेव्हाच सुरू झालं होतं, आता पोटच्या मुलांचीही नावं अदलाबदल होतात. तांदळाची पेज पुढे केली की दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटायच्या. सूप दिलं तर फुर्र करून माझ्या अंगावर. माझे सगळे कपडे आता आंबूस वास मारतात, कितीही धुतले तरी. आणि एकच धोशा लावला, “धाकटीचं दूध दे. चेस्टनटचं.” म्हणजे तुझी, धाकट्या सुनेची, ती दुधातली कॉफी, लाटे. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत काही पोटात गेलं नाही तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. यांनी तिथल्या खाटेची चौकशीसुद्धा करून ठेवली. “निदान उपाशी तरी राहणार नाही,” म्हणाले आणि बातम्या लावून बसले. बातम्या बघताना तोंड उघडं ठेवून मुळा चघळत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या आवाजाची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

आपल्या गल्लीतून त्या खाटांवर गेलेलं माणूस नळीसकटच राहतं. समोरच्या म्हातारीचे हात बांधून ठेवावे लागले होते, नळी ओढून काढायची म्हणून. सासूबाईंचे हात कोणी बांधलेले मला बघायचे नाहीत. त्या हातांनी मला चिमटे काढलेत, तरीही नाही.

म्हणून मी लाटे करायला घेतली. मी! जिला तापत्या दुधाच्या नुसत्या वासाने उमळून येतं. पहिल्या दिवशी तुझं भांडं खालपर्यंत जाळलं, घरभर रबर पेटल्यासारखा वास. दुसऱ्या दिवशी चेस्टनटच्या पोत्यात हात घातला तर बोटांना काहीतरी मऊ लागलं. अळ्या, गं. लठ्ठ, पांढऱ्या, हसल्यासारख्या वाकड्या. निवडून घेतले, उकडले, वाटले, आणि वाटून झाल्यावर भांड्याच्या कडेला अर्धी अळी सापडली. ते सगळं मी मोरीत ओतलं आणि पाठोपाठ मीही ओकले.

तेवढ्यात भाऊजी देजॉनहून आले, आईला बघायला म्हणून. हातात हेझलनटच्या पाकाची बाटली.

“वहिनी, कशाला राबताय? सगळे दुकानवाले हेच ओततात. दोन झाकणं टाका, संपलं.”

“आपली धाकटी हे ओतायची का?”

“तिचं नाव कशाला काढता आता?” म्हणाले, आणि मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. बाटली उघडली तर टॅक्सीत आरशाला लटकवतात त्या अत्तराचा वास. तरी ओतलं, म्हटलं बघू. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि भाऊजींच्याच नव्या पँटवर थुंकल्या. या महिन्यात मी तेवढीच एकदा हसले.

आता तुला माहीत आहेच, चेस्टनट सोलण्यात माझा हात धरणारं या आळीत कोणी नाही. खरं तर पितरांसाठी सोलणं हे पुरुषांचं काम, पण सासऱ्यांचे हात थरथरायचे म्हणून लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी सुरी माझ्या हातात दिली. वरचं टणक कवच काढायचं, मग आतलं तांबूस केसाळ साल, मग कडा पाडून पांढरेशुभ्र करायचे. जरा तांबूस राहिलं की चिमटा. पितरांच्या चौरंगावर माझे चेस्टनट मांडले की यांचे सगळे काका माना डोलवायचे. तू मात्र गाणी म्हणत बसायचीस, निम्मं साल तसंच ठेवायचीस, आणि मी तुझ्यामागून तेच चेस्टनट परत सोलायचे. तुला वाटायचं मला दिसत नाही तू डोळे फिरवतेस ते.

तर मी लाटेसाठीही तसेच सोलले. दुसरं मला येतच नाही. उकडून, दुधात घोटून, कॉफीवर ओतून, साईसारखी पांढरी लाटे रोज त्यांच्यापुढे न्यायची. “तेच आहे आई, धाकटी करायची तेच. प्या ना तुम्ही.” त्या वास घ्यायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि थूः. “हे नाही.” मी पुसायचे. पुन्हा करायचे. “हे नाही.” तुझ्या नावाने मी काय काय बोलले ते लिहीत नाही. जी माझ्या चुलीशी दोन वर्षंसुद्धा टिकली नाही तिच्या हातची चव म्हातारीच्या जिभेवर राहिली, आणि सारा जन्म जिने वाढलं तिचं अन्न थुंकायचं. मला त्यांची किळस आली, तुझीही आली. ओला पंचा हातात धरून मी स्वयंपाकघरात बसायचे तेव्हा माझीही.

गेल्या आठवड्यात दुपारी हुडहुडी भरली म्हणून खुंटीवरचं, तू मागे टाकून गेलेलं ते भडक फुलाफुलांचं जाकीट अंगात घातलं. पेला घेऊन गेले तर सासूबाई एकदम सरसावून बसल्या.

“आलीस होय गं धाकटे! किती दिवसांनी!”

मी सांगायला हवं होतं की मी मोठी. नाही सांगितलं. तू बसायचीस तशी जमिनीवर फतकल मारून बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना अगं-तुगं केलं. “ए आई, पी ना गं हे.”

त्यांनी पेल्यात डोकावून बघितलं आणि माझा कान धरून तोंडाशी ओढला. तोंडाला आंबूस वास येत होता, पण मी मान मागे घेतली नाही.

“हे मोठीने केलंय ना? मला नको. ती मला मेलेल्यांचं खायला घालते.”

“काहीतरीच काय बोलतेस, आई!”

“मग काय तर! सोलून सोलून पांढरे फटक करते. चौरंगावर मांडतात तसे. मी अजून मेले नाहीये गं. तू करायचीस तसं कर ना, सालासकट.”

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन नुसतं वरचं कवच काढलं, केसाळ तांबूस साल तसंच ठेवलं, आणि तुझ्यासारखेच हयगयीने उकडून वाटले. मी-ओक, तो रंग! पावसानंतरचं गटार. वर सालाचे कण तरंगत होते, चव घेतली तर जीभ तुरट, टाळ्याला केस चिकटल्यासारखं. हे माणसाला द्यायचं? मी दिलं.

सगळं प्यायल्या. पेला उलटा करून बोटाने तळ पुसून चाटला. मग ओठ पुसत हळूच म्हणाल्या, “मोठीला सांगू नकोस हं मी काय बोलले ते. वाईट वाटेल तिला. तिला मेलेल्यांशिवाय दुसऱ्या कोणाचं करता येत नाही. मीच शिकवलं तिला तसं.”

मी पेला उचलून उठायला लागले तेव्हा त्यांनी जाकिटाची बाही धरली.

“तिच्यापुरतं ठेवलंस का थोडं? ठेव झाकून. गार झालं तरी पिते ती. ती सगळं गारच जेवते.”

त्यांनी बघितलं होतं, मी-ओक. सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्याने मी जेवायचे ते. इतकी वर्षं बघितलं होतं आणि एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. आणि बोलल्या त्या तुझ्यापाशी. मला इतका राग आला की मोरीवर जाऊन नळ सोडला आणि हमसून हमसून रडले.

मग भांड्यात उरलेलं खरंच झाकून ठेवलं आणि नंतर प्याले. गारढोण, तुरट, वर सायीचा पापुद्रा. याहून घाण काही मी आयुष्यात तोंडाला लावलं नसेल. एक थेंब ठेवला नाही.

तेव्हापासून त्या रोज दोन पेले पितात, कालपासून त्यात थोडी पेजही चालते. वजन चढतंय. खाटेचं यांनी अजून रद्द केलेलं नाही, पण ते मी बघते. पण यासाठी मला रोज तुझं जाकीट घालून फतकल मारून बसावं लागतं. ‘मोठी कुठाय?’ विचारलं की ‘बाजारात गेली’ म्हणावं लागतं. त्या तुझ्याशी गोड बोलतात, माझ्याबद्दल हळहळतात, आणि मी समोर बसून हं हं करते. मला तू होण्याचा उबग आलाय. जाकिटालाही आता आंबूस वास मारायला लागलाय.

तर भांडं मी पाठवत नाही. तुला हवं असेल तर येऊन घेऊन जा. त्या पँटनंतर भाऊजी इकडे फिरकत नाहीत, घाबरू नकोस. तू तुझं जाकीट घाल, तू तुझी ती गटाराच्या रंगाची लाटे कर, आणि मी शेजारी मोठी म्हणून बसेन. त्यांनी मला बघून तोंड फिरवलं तरी चालेल. तोंडावर बोलू देत एकदा.

आणि आलीस तर तीन पेले कर. माझा झाकून ठेवू नकोस. मी गरम पिणार आहे.

वाट बघणारी,
जंग-इम

(नाव वाचून गोंधळू नकोस. तुझ्या थोरल्या जावेचं हेच नाव आहे.)